डांबावरचा जुना दिवा

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या गटाची बैठक भरते, त्या खोलीच्या दारावर रस्त्यावरचा एक जुना दिवा लावलेला आहे. पत्र्याची पसरट थाळी, बाहेरून हिरवी, आतून पांढरी, आणि वर बगळ्याच्या मानेसारखा वाकवलेला पाइप. बैठकीला नवीन आलेली बाई हमखास विचारते, "हे भंगार कशाला टांगलंय?" म्हणून आज त्याबद्दलच बोलायचं ठरवलं.

डांबावर वीज यायच्या आधी गावोगावच्या पेठांत काचेच्या पेटीत रॉकेलचा दिवा असायचा. तिन्हीसांजेला नगरपालिकेचा माणूस शिडी घेऊन यायचा, काच पुसायचा, तेल घालायचा, वात कापायचा. मुंबईत १८६५ साली रस्त्यावर गॅसचे दिवे आले. पुढे विजेचा बल्ब आला आणि त्याच्यावर ही थाळी. पाऊस बल्बवर पडू नये आणि उजेड आभाळात न जाता खाली रस्त्यावर पडावा, म्हणून तिला आतून पांढरा रंग. मग ट्यूब आली, निळसर उजेडाचा मर्क्युरी आला, पिवळा सोडियम आला. २०१५ पासून केंद्र सरकारच्या कार्यक्रमात देशभर रस्त्यांवर एलईडी लागले, एक कोटीहून जास्त. वीज वाचली, चांगलंच झालं. पण उतरवलेले दिवे गेले कुठं? बरेचसे किलोच्या भावानं भंगारात.

अशा रोजच्या वस्तू जपाव्यात हे आमच्या डोक्यात आलं ते पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयामुळं. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली, पत्नी कमलाबाईंच्या साथीनं. राजा हा त्यांचा लहानपणीच गेलेला मुलगा, त्याच्या नावानं हे संग्रहालय आहे. पुढे त्यांनी ते महाराष्ट्र शासनाला देऊन टाकलं. तिथं दिवे आहेत, अडकित्ते आहेत, पाय घासायच्या वज्री आहेत. बहुतेक वस्तू बायांच्या हातातल्या. ते बघून आपल्या घरातली अडगळ वेगळी दिसायला लागते.

तुमच्या माळ्यावरही काहीतरी असेलच. कंदील असेल तर त्याच्या टाकीवर किंवा काचेवर नाव आहे का बघा. 'प्रभाकर' असेल तर तो कराडजवळच्या ओगलेवाडीचा. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींच्या आधारानं १९१६ साली ओगले बंधूंनी तिथं काच कारखाना काढला, आणि त्यांचा कंदील घराघरांत गेला. असा कंदील मोडीत घालायच्या आधी दोनदा विचार करा.

आता दुरुस्तीचं. आधी चुंबक लावा. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर पितळ किंवा अॅल्युमिनियम. गंजलेल्या स्क्रूवर जोर करू नका, थोडं डिझेल सोडून रात्रभर ठेवा, चुलीपासून लांब. थाळीवरचा पांढरा मुलामा म्हणजे इनॅमल, लोखंडावर वितळवून बसवलेली काचच. आपल्या जुन्या इनॅमलच्या ताटल्या आठवा, आपटलं की टवका उडतो. म्हणून हातोडी नको, पॉलिशपेपर नको, साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे. टवका उडाला असेल तिथला गंज तेवढा काढून रंगाचा हात द्यायचा. पितळेला चिंच-मीठ चालतं, पण नाव कोरलेलं असेल तिथं फार घासू नका, ते पुसट होतं. पाइप किंवा ब्रॅकेट मोडलं असेल तर उद्यमनगरातले कारागीर जोडून देतात. पण जोड दिसू दे, लपवायला जाऊ नका, असं आमचं मत.

जुना तेलरंग काढताना मात्र सांभाळा. त्यात शिसं असू शकतं, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. कोरडं घासायचं नाही, पेपर ओला करून घासायचं, तोंडाला मास्क, पोरं लांब, गरोदर बाईनं तर या कामात हातच घालू नये. चुलीवर धरून रंग जाळायची युक्ती कुणी सांगेल, ती ऐकू नका. मर्क्युरीचा बल्ब किंवा ट्यूब फोडू नका, आत पारा असतो. जुना चोक आणि कंडेन्सरही उघडायचा नाही, तो ई-कचऱ्यात द्यायचा.

आमच्या हातून चूक झाली ती वायरिंगमध्ये. दारावरच्या या दिव्याला आम्ही आधी दोनच वायरी जोडल्या होत्या. उन्हाळाभर काही झालं नाही. पावसाळ्यात भिंत ओली झाली आणि आमच्यातल्या एकीनं पुसायला थाळीला हात लावला, तर कोपरापर्यंत मुंग्या आल्या. चप्पल पायात होती म्हणून बचावली. त्या दिवशी दिवा उतरवला. मग परवानाधारक वायरमनला बोलावून कापडी आवरणाची जुनी वायर सगळी काढली, तीन तारांची नवी घातली, हिरवी तार थाळीच्या लोखंडाला जोडून अर्थिंग दिलं, आणि गळती झाली की वीज तोडणारं स्विच बसवलं. आत ९ वॅटचा एलईडी आहे. दिवा जुना, पण वीज नवी, यात काटकसर नाही.

पैशाचं विचाराल तर हा धंदा नाही. गिऱ्हाईक कधी मिळतं, कधी वर्षभर मिळत नाही. गटाच्या कर्जातून यासाठी एक रुपयाही उचलू नका, तो शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी असू दे. हा छंद आहे, भिशीतून उरलेल्या पैशातला.

आणि डांबावरचा दिवा कुणी उतरवून आणून दिला तर घेऊ नका. तो ग्रामपंचायतीचा असतो, अगदी बंद पडलेला असला तरी. लिलावात किंवा भंगारवाल्याकडून घेतला तर पावती घ्या. तुमच्यातली कुणी ग्रामपंचायतीत सदस्य असेल, तर जुन्या दिव्यांच्या लिलावाआधी एक दिवा कार्यालयात ठेवायचा विषय मासिक सभेत मांडता येतो.

सध्या आमच्याकडं एक प्रभाकर कंदील आला आहे. बर्नर ठीक आहे, टाकी गळत नाही, फक्त काच नाही. बाजारातल्या नव्या काचा त्याच्या मापाला बसत नाहीत. कुणाच्या माळ्यावर तशी काच पडून असेल, तर पुढच्या बैठकीला धडप्यात गुंडाळून घेऊन या.