सळ्यांच्या सांगाड्यावर बसलेला शंकर

जबलपूर म्हटले की आठवतो तो भेडाघाटचा संगमरवर. नर्मदेचे पांढरेशुभ्र कडे पाहून परतताना एखादी लहानशी संगमरवरी मूर्ती पिशवीत आणली नाही, असे कुटुंब विरळाच! पण याच शहराच्या विजयनगर भागात, कचनार सिटी या वसाहतीत, उघड्या आभाळाखाली बसलेला ७६ फुटांचा शंकर मात्र संगमरवराचा नाही. तो आहे सिमेंट-काँक्रीटचा. बांधकाम व्यावसायिक अरुणकुमार तिवारी यांनी ही मूर्ती उभारली, घडवली शिल्पकार के. श्रीधर यांनी. २००६ मध्ये ती दर्शनासाठी खुली झाली.

दगडाची मूर्ती छिन्नीने कोरून काढायची. काँक्रीटची थराथराने चढवायची. अशा कामात आधी लहान नमुना तयार होतो. त्याची मापे कित्येक पटींनी वाढवून पाया आणि खांब उभे राहतात. मग सळ्या वाकवून खांद्यांचा, गुडघ्यांचा, जटांचा आकार बांधायचा, त्यावर जाळी ताणायची आणि काँक्रीट भरायचे. शेवटचा हात गवंड्याचा नव्हे, मूर्तिकाराचा. मसाला घट्ट होण्याआधी ओठांची कड आणि पापणीचा उतार साधला पाहिजे. गंमत अशी, की परांचीवर बसलेल्या कारागिराला चेहरा दिसतच नाही. समोर असते फक्त भलीमोठी नाकपुडी! खाली उतरायचे, लांब जाऊन पाहायचे, पुन्हा चढायचे. शिवाय खालून पाहताना मस्तक लहान भासते, म्हणून ते मुद्दाम थोडे मोठे धरावे लागते. त्यात उन्हाळा जबलपूरचा! ओले गोणपाट आणि पाणी यांत हयगय झाली, की सिमेंटला तडे ठरलेलेच.

या शहराने २२ मे १९९७ च्या पहाटे भूकंप सोसला आहे. घरे कोसळली, माणसे दगावली. तिथे इतकी उंच मूर्ती उभारायची, तर भक्तीइतकाच स्थापत्याचा हिशेब पक्का हवा. बैठी मूर्ती त्या दृष्टीने बरी. बूड रुंद, भार खाली.

खरा शत्रू मात्र पाणी. बारीक भेगेतून ते सळीपर्यंत पोचले, की लोखंड गंजते, गंजून फुगते आणि वरचे काँक्रीट फोडून टाकते. रंगाचा हात वरून कितीही सुंदर दिसो, आतले दुखणे तो झाकून ठेवतो. आतल्या सांगाड्याची किंमत महाराष्ट्राला वेगळी सांगायला नको. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा ३५ फुटी शिवपुतळा काँक्रीटचा नव्हता, धातूचा होता. ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला तो पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. अनावरणाला गर्दी करणाऱ्यांपैकी पुढच्या पावसाळ्यानंतर भेगा तपासायला किती जण जातात?

कचनार सिटीत मूर्तीच्या खाली गुहा आहे आणि तिच्यात बारा ज्योतिर्लिंगांच्या प्रतिकृती. त्र्यंबकेश्वर, भीमाशंकर आणि घृष्णेश्वर शोधण्यात मराठी कुटुंबांतली मुले रमतात. त्यांच्या डोक्यावर असतो तो सगळा ७६ फुटांचा भार.