किल्लारी परिसर : आपल्या शिवारातील पाऊस, थंडी आणि गारपिटीची नोंद कशी ठेवावी?

किल्लारी हे औसा तालुक्यातील महसूल मंडळ आहे. मंडळाच्या पर्जन्यमापकात जो पाऊस मोजला जातो, तोच मंडळातील सगळ्या गावांचा पाऊस धरला जातो. २४ तासांत ६५ मि.मी.पेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी मानतात, तीही याच आकड्यावर. पण जून आणि सप्टेंबरचा वळवासारखा पाऊस बांध ओळखून पडतो. एका शिवारात ओढा वाहतो, तर शेजारच्या शिवारात ढेकूळही विरघळत नाही.

या भागात आणखी एक अडचण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर अनेक गावे नव्या जागी वसली. घर एकीकडे आणि जमीन जुन्या शिवारात, अशी स्थिती आजही आहे. त्यामुळे घरी पाऊस झाला म्हणून शेतात ओल झाली, असे धरून चालू नका. मोजमाप शेतातच करा.

घरगुती पर्जन्यमापक

तळ सपाट आणि बाजू सरळ असलेले कोणतेही भांडे चालते. त्यात साचलेल्या पाण्याची उंची पट्टीने मोजली की तितके मि.मी. पाऊस. वाऱ्या-उन्हाने पाणी उडू नये म्हणून नरसाळे आणि ५ लिटरचा कॅन वापरणे अधिक चांगले.

- नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास २० सें.मी. असेल, तर ३१४ मि.लि. पाणी म्हणजे १० मि.मी. पाऊस.
- झाड, गोठा किंवा भिंत जेवढी उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर मापक ठेवा.
- तोंड समतल ठेवा, कॅन खड्ड्यात किंवा विटांत घट्ट बसवा.
- औषध फवारणीचे माप यासाठी वापरू नका.

नोंद कशी लिहावी?

रोज सकाळी साडेआठ वाजता पाणी मोजा, लिहा आणि कॅन रिकामा करा. हवामान विभागही याच वेळेला मागील २४ तासांचा पाऊस धरतो, त्यामुळे तुमचा आकडा मंडळाच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. पाऊस नसेल त्या दिवशी '०' लिहाच. खंड किती दिवसांचा पडला, हे या शून्यांवरूनच कळते. २.५ मि.मी. किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस धरावा.

बर्फ नाही, पण थंडी आणि गारा आहेत

किल्लारीत बर्फ पडत नाही. निफाडकडे काही हिवाळ्यांत दवबिंदू गोठतात, तशी वेळ इकडे सहसा येत नाही. तरीही हिवाळ्यात रोजचे किमान तापमान लिहावे. तापमापी सावलीत, हवा खेळती राहील अशा ठिकाणी, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर टांगा. तूर फुलोऱ्यात असताना धुई पडली तर तारीख लिहा. पुढे फुलगळ किंवा कीड-रोग दिसल्यास कारण शोधायला ती उपयोगी पडते.

फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीने मराठवाड्यातील रब्बी पिके आणि फळबागा झोडपल्या. गारा पडल्या तर वेळ, किती मिनिटे पडल्या, आकार (हरभरा, बोर की लिंबाएवढा) आणि पीक कोणत्या अवस्थेत होते, हे त्याच दिवशी लिहा. फोटोही काढा.

नोंदीचा उपयोग

- पेरणी : ७५ ते १०० मि.मी. पाऊस होऊन जमिनीत खोलवर ओल गेल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. वहीतील बेरीज पाहा, शेजाऱ्याची तिफण पाहून घाई करू नका. दुबार पेरणीचे बियाणे परवडत नाही.
- पाणी : १० मि.मी. पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४० हजार लिटर पाणी. पाऊस किती झाला हे माहीत असेल तर पुढची पाळी कधी द्यायची ते ठरवता येते.
- पिकाची निवड : एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि त्याच वर्षी पावसाळ्यात मांजरा धरण भरले. अशा भागात एका वर्षावरून अंदाज बांधता येत नाही. पाच-दहा वर्षांची वही असेल तर आपल्या शिवारात खंड साधारण कधी पडतो, ते दिसू लागते.
- नुकसान : तुमची वही सरकारी आकड्याची जागा घेणार नाही. पण पंचनाम्याच्या वेळी तारीख, मि.मी. आणि फोटो समोर ठेवले तर म्हणणे मोघम राहत नाही. नुकसानीची सूचना त्या हंगामाच्या नियमानुसार मुदतीतच द्या.

कृषी सहायकांनी गावात वेगवेगळ्या दिशांच्या चार-पाच शेतकऱ्यांना एकाच मापाचे नरसाळे वापरायला सांगावे. म्हणजे त्यांचे आकडे एकमेकांशी ताडता येतील आणि मंडळाच्या आकड्यापेक्षा आपले शिवार किती वेगळे, हे गावालाच कळेल. सुरुवात मृगाच्या आधी करा. पहिला पाऊस नोंदवायचा राहिला तर हंगामाची बेरीज पूर्ण होत नाही.