‘ठीक आहे’ ही नोंद नव्हे : अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची वही

शिरवळ म्हटले की आपल्या तरुणांना जवळची प्राचीन बौद्ध लेणी आठवतात. पण याच गावावरून पुणे-बंगळूर महामार्ग जातो, पुढे खंबाटकीचा घाट आहे आणि भोवती एमआयडीसी. डोक्याला किंवा मणक्याला मार लागून अंथरुणाला खिळलेला माणूस इथल्या वस्त्यांना नवा नाही. सामाजिक कामात अशाच एका घरी मी रुग्णाची वही पाहिली. नऊ दिवस एकच नोंद होती : ‘पेशंट ठीक आहे.’ दहाव्या दिवशी त्याला कुशीवर वळवले, तर माकडहाडावर रुपयाएवढी जखम!

नोंद म्हणजे मत नव्हे. काय दिसले आणि किती वाजता दिसले, ते लिहिणे म्हणजे नोंद.

डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या डोळ्यांत सिस्टर पुन्हा पुन्हा टॉर्च का मारतात? कवटीच्या आत रक्त साचले किंवा सूज वाढली, तर पसरायला जागा नसते. तो दाब डोळ्याकडे जाणाऱ्या तिसऱ्या नसेवर आला की बहुधा त्याच बाजूची बाहुली मोठी होते आणि उजेड पडूनही आकसत नाही. म्हणून दोन्ही बाहुल्यांचा आकार मिलिमीटरमध्ये आणि आकसणे झटपट, मंद की अजिबात नाही, हे वेळेसह लिहितात. भरपूर उजेडात बाहुली साधारण २ ते ४ मिलिमीटर असते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किंवा डोळ्यांतले थेंब यांनीही फरक पडतो, काहींच्या बाहुल्या मुळातच किंचित लहानमोठ्या असतात. त्यामुळे पहिली नोंद महत्त्वाची. बदल तिच्याशी ताडून कळतो. सोबत शुद्धीचे गुण, म्हणजे १९७४ पासून वापरात असलेला ३ ते १५ गुणांचा ग्लासगो कोमा स्केल, लिहितात. घरी आलेल्या रुग्णाची एक बाहुली अचानक मोठी दिसली, गुंगी वाढली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

बेडसोअरचे गणितही दाबाचेच. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली जाते, रक्तपुरवठा थांबतो आणि कातडी मरू लागते. माकडहाड, टाचा, खुबे, खांदे, कोपर आणि डोक्याची मागची बाजू रोज पाहावी. पहिल्या पायरीत कातडी फाटलेली नसते. फक्त लाली असते आणि बोटाने दाबल्यावर ती जात नाही. चौथ्या पायरीत जखम स्नायू-हाडापर्यंत पोहोचते.

इथे आपल्यासाठी एक मुद्दा आहे. ‘लाली’ ही खूण गोऱ्या कातडीवर सहज दिसते. सावळ्या, काळ्या कातडीवर ती दिसेलच असे नाही. तिथे हात लावून पाहावे : भोवतीपेक्षा ती जागा गरम, गार, कडक किंवा मऊ लागते का? रंग जांभळट किंवा जास्त गडद झालाय का? रुग्णाला तिथे दुखते का? ‘लाल नाही’ एवढेच लिहून थांबले, तर आपलीच माणसे पहिल्या पायरीत निसटतात.

साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी आणि वहीत वेळ व बाजू लिहावी : ‘दुपारी २, डावी कूस, उजवी टाच गरम.’ लाल झालेली जागा चोळू नये. कातडी कोरडी ठेवावी, आहारात प्रथिने असावीत.

हे अशक्य नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत तिथल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळले. इतकी वर्षे अंथरुणावर असूनही बेडसोअर होऊ न देणारी ही शुश्रूषा देशभर वाखाणली गेली. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही या परिचारिकांचे कौतुक केले.

विनयातील महावग्गात, घाणीत पडलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदांसह स्वतः धुतल्याचा प्रसंग आहे. इतर भिक्खूंनी त्याच्याकडे पाहिलेच नव्हते. आपल्या वस्तीत असा रुग्ण असेल, तर विहारातल्या चार तरुणांनी पाळ्या लावाव्यात. घरच्या बाईला रात्रीची दोन तास झोप मिळेल. सोबत एक वही, पेन आणि टॉर्च न्यावा.