प्रकाश वेशीपर्यंत आला, वाडीत कसा न्यायचा?

२०२० सालच्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि धडे मोबाइलवर येऊ लागले. त्या दिवसांत कोकणातील व सह्याद्रीच्या कुशीतील कितीतरी वाड्यांमधली मुले सकाळी वही-पेन घेऊन घराबाहेर पडत. पण शाळेकडे नव्हे, तर जवळच्या टेकडीकडे! कारण ‘रेंज’ मिळे ती टेकडीवरच. मोबाइलच्या लहरी बऱ्याच अंशी प्रकाशासारख्या सरळ रेषेत जातात. मनोरा डोंगरापलीकडे असला की दरीतील घरे डोंगराच्या ‘सावलीत’ येतात.

आता शाळा सुरू आहेत. पण शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबाऱ्याचा उतारा, परीक्षेचा निकाल, रेशन दुकानातील अंगठ्याचे यंत्र या सर्वांना इंटरनेट लागते. ते नसले की एका कागदासाठी तालुक्याच्या गावी जाण्यात अख्खा दिवस मोडतो. मग शहरात घरोघरी आलेले ब्रॉडबँड वाडीच्या वाटेवर अडते कोठे?

ब्रॉडबँड म्हणजे रुंद पट्टा. आपल्या देशात २००४ साली सेकंदाला २५६ किलोबिट वेग असलेल्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणत. २०१३ साली ही मर्यादा ५१२ किलोबिट झाली आणि २०२३ साली २ मेगाबिट. आकड्यांचा अर्थ गणित केल्यावर कळतो. समजा, एका धड्याची चित्रफीत ३०० मेगाबाइटची आहे. ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे २,४०० मेगाबिट झाले. २५६ किलोबिटच्या वेगाने ती उतरवून घ्यायला दोन तास छत्तीस मिनिटे लागतील, तर २ मेगाबिटच्या वेगाने वीस मिनिटे.

आरंभी हे काम दूरध्वनीच्या तांब्याच्या तारांवर सोपवले गेले. माणसाच्या बोलण्यासाठी तारेवर सेकंदाला ३०० ते ३,४०० कंपनांचा पट्टा पुरतो. त्याच तारेवर सुमारे ११ लाख कंपनांपर्यंतच्या लहरी सोडल्या तर बोलणे आणि इंटरनेट एकाच वेळी चालते. युक्ती नामी, पण अडचण अशी की वारंवारता जितकी जास्त, तितकी लहर तारेत लवकर क्षीण होते. गावच्या वेशीबाहेर मिरवणूक असते तेव्हा ढोलाचा घुमारा ऐकू येतो, झांजांचा किणकिणाट मात्र ती जवळ आल्यावरच. तारेतही काहीसे तसेच घडते. दूरध्वनी केंद्रापासून सुमारे पाच किलोमीटरच्या पलीकडे या जलद लहरींतले फारसे काही हाती लागत नाही. शहरात केंद्र जवळच असते. वाडी मात्र केंद्रापासून दहा-बारा किलोमीटरवर!

यावरचा उपाय काचेत सापडला. पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी इंग्लंडमध्ये हॅरोल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवण्याचे प्रयोग केले व ते १९५४ साली प्रसिद्ध झाले. मात्र त्या काळच्या काचेत प्रकाश थोड्या अंतरातच विझून जाई. हा दोष काचेचा नसून तिच्यातील अशुद्धीचा आहे, हे १९६६ साली चार्ल्स काओ यांनी दाखवून दिले. या कार्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी असा तंतू बनवला, की एक किलोमीटरनंतर मूळ प्रकाशाचा सुमारे पन्नासावा भाग उरे. तो त्या वेळी मोठा विजय मानला गेला. आजच्या उत्तम तंतूत सुमारे पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो! (हा प्रकाश अवरक्त असतो, आपल्या डोळ्यांना दिसत नाही.) केंद्रातून निघालेला एकच तंतू वीस किलोमीटरपर्यंत नेऊन, वीज न लागणाऱ्या एका छोट्या डबीतून त्याला बत्तीस फाटे फोडता येतात. अशा तंतूवर सेकंदाला सुमारे २,५०० मेगाबिट येतात. बत्तीस घरांनी एकदम वापर केला तरी प्रत्येकाच्या वाट्याला ७८ मेगाबिट पडतील.

म्हणजे प्रकाशाला अंतराची फारशी अडचण नाही. अडचण आहे ती खणण्याची. तंतू स्वस्त, चर महाग; त्यातून सह्याद्रीचा काळा कातळ! मुंबईच्या एका इमारतीशी दोनशे मीटर तंतू नेला आणि तेथे शंभर बिऱ्हाडे असली, तर दर घरामागे दोन मीटर पडतात. तीन किलोमीटरवरील तीस घरांच्या वाडीसाठी हाच हिशेब शंभर मीटरवर जातो. वर्गणी मात्र दोन्हीकडे सारखीच. एखादी खासगी कंपनी आधी कोठे जाईल, हे सांगायला नकोच.

म्हणून हे काम सरकारला अंगावर घ्यावे लागले. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती प्रकाशतंतूने जोडण्याच्या योजनेला ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली. २०१५ पासून तिला ‘भारतनेट’ म्हणतात. दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायतींपर्यंत तंतू पोचलाही. परंतु पुष्कळ ठिकाणी तो झाडाच्या फांद्यांसारखा नेलेला होता. रस्ता रुंद करणाऱ्या यंत्राने एके ठिकाणी फांदी तोडली, की पुढची सगळी गावे मुकी. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित योजनेत म्हणून कड्याची रचना स्वीकारली आहे. कडे एका जागी तुटले तरी संदेश उलट्या बाजूने फिरून पोचतो. त्यातही वीज गेली आणि बॅटरी उतरलेली असली, तर पंचायतीच्या कपाटातील यंत्र बंदच राहते, हे वेगळे.

शिवाय माझ्या मते, ग्रामपंचायतीत तंतू आला म्हणून गाव जोडले गेले असे म्हणणे, हे टाकीपर्यंत पाणी आले म्हणून घरोघरी नळ आले असे म्हणण्यासारखे आहे. आपल्याकडे एका ग्रामपंचायतीत पाच-सात वाड्या-पाडे विखुरलेले असतात.

या शेवटच्या टप्प्यासाठी मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी पालघर जिल्ह्यात एक प्रयोग केला. दूरदर्शन प्रक्षेपणासाठी राखून ठेवलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ पट्ट्यात पंधरा वाहिन्या मावतात. पैकी किमान बारा देशभर कोठेही रिकाम्याच असतात, असे त्यांच्या पाहणीत आढळले. मोकळ्या पडलेल्या या जागेतून इंटरनेट का नेऊ नये? या लहरींची तरंगलांबी अर्ध्या मीटरहून जास्त असते. घरातील वाय-फायची जेमतेम साडेबारा किंवा सहा सेंटिमीटर. लांब लहरी झाडीतून आणि उंचवट्यांवरून अधिक चांगल्या पार होतात. पावसाळ्यात पालघरची झाडी ओल्या पानांनी गच्च भरते, तेव्हा हा फरक मोलाचा ठरतो, कारण पाणी आखूड लहरी अधिक शोषते. खामलोलीच्या मनोऱ्यावरून आसपासच्या पाड्यांना अशी जोडणी देऊन पाहण्यात आली. पुढे परवान्याशिवाय वापरता येणाऱ्या लहरींवर हे जाळे आणखी गावांत नेले. ‘ग्राम मार्ग’ नावाच्या या प्रकल्पाला २०१७ साली मोझिला संस्थेच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिले बक्षीस मिळाले.

इंग्लंडच्या लँकेशर परगण्यातील शेतकऱ्यांनी तर कोणाची वाट पाहिली नाही. २०११ साली त्यांनी स्वतःची संस्था काढली, एकमेकांच्या शेतातून फुकट वाट दिली आणि स्वतःच चर खणले. त्या खेड्यांत सेकंदाला १,००० मेगाबिट वेग आला. तेथील मऊ कुरणे आपल्याकडे नाहीत, हे खरे. पण श्रमदानाने विहिरी आणि बंधारे बांधणाऱ्या गावांना चर खणणे नवे नाही.

जेथे चर नाही आणि मनोराही नाही, तेथे उपग्रह उरतो. ३५,७८६ किलोमीटर उंचीवरचा भूस्थिर उपग्रह आकाशात एकाच जागी दिसतो, ही सोय. पण विचारलेला प्रश्न वर जाऊन खाली येणार आणि उत्तरही तसेच, म्हणजे प्रकाशाच्या वेगानेही जवळपास अर्धा सेकंद जातो. इस्रोचा जीसॅट-११ हा २०१८ साली सोडलेला उपग्रह या जातीचा. सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह हा उशीर नगण्य करतात. मात्र ते क्षितिजाआड झपाट्याने जातात, म्हणून एक-दोन उपग्रह पुरत नाहीत, हजारो लागतात.

तुमच्या गावच्या रस्त्याकडेला ‘ओएफसी’ अशी अक्षरे असलेले लहान खांब दिसतात का ते पाहा. त्यांच्या खालून प्रकाशतंतू गेलेला असतो. शेवटचा खांब कोठे आहे ते शोधा, तेथून सर्वांत दूरच्या वाडीपर्यंतचे अंतर सायकलवरून मोजा आणि त्या अंतराला वाडीतील घरांच्या संख्येने भागा. दर घरामागे किती मीटर आले, ते वर्गात फळ्यावर लिहून ठेवा.