तळहाताएवढें चित्र

गेल्या दिवाळींत आमची धाकटी नात आप्तांस पाठविण्यासाठीं भेटकार्डें रंगवीत बसली होती. आम्हीं सवयीप्रमाणें म्हटलें, "अगोदर अभ्यास, मग हे खेळ." तिनें निमूटपणें रंगपेटी मिटली. पुढें व्हिएन्ना नगरींतील एका चित्रकर्त्रीचीं भेटकार्डें आमच्या पाहण्यांत आलीं, आणि आपला उपदेश किती उथळ होता हें आम्हांस कळून चुकलें.

त्या बाईंचें नांव मेला कोहलर. नांव ऐकून आमच्या घरांतील मंडळी हंसली. परंतु तें मेलानी ह्या नांवाचें लाडकें रूप आहे. त्यांचा जन्म १८८५ सालीं व्हिएन्नांतच झाला. त्या काळीं तेथील ललितकला अकादमीचे दरवाजे स्त्रियांस बंद होते. ते उघडण्यास १९२० साल उजाडावें लागलें. चित्रकलेची ओढ असलेल्या मुलींस कलाकौशल्याच्या शाळेचा मात्र आश्रय मिळे. तेथें मेलाबाई कोलोमान मोझर ह्या प्रख्यात कलावंताच्या हाताखालीं शिकल्या.

ह्याच मोझरनें वास्तुशिल्पी योझेफ होफमान याच्यासह १९०३ सालीं 'वीनर वेर्कष्टेटे' म्हणजे 'व्हिएन्नाची कार्यशाळा' स्थापन केली होती. चमच्यापासून घरापर्यंत प्रत्येक वस्तु सुंदर असावी, हा तिचा बाणा. पण तिचे रुप्याचे चमचे धनिकांसच परवडत. कार्ड कोणासही घेतां येई. पोस्टकार्डाचा जन्मच मुळीं ऑस्ट्रिया-हंगेरींतला, १ ऑक्टोबर १८६९ चा; आपल्याकडे तें १८७९ सालीं आलें. कार्यशाळेनें पुढें सुमारें एक हजार सचित्र कार्डें काढलीं. कोकोश्का व शीले यांसारख्या पुढें कीर्तिमान झालेल्या चित्रकारांनींही त्यांस हातभार लाविला; परंतु सुमारें दीडशें कार्डें एकट्या मेलाबाईंचीं आहेत.

सणांचीं कार्डें हा त्यांतील मोठा भाग. नाताळ, नववर्ष आणि ईस्टर ह्या दिवसांत व्हिएन्नांतील टपाल अशा कार्डांनीं भरून जाई. नववर्षाच्या कार्डांवर डुक्कर, चार पानांचें तिपानी गवत आणि धुरांडें साफ करणारा मनुष्य हीं तेथील शुभचिन्हें! आपणांस नवल वाटेल. पण आपल्या स्वस्तिकाचें व कलशाचें परकीयांस असेंच नवल वाटत असेल. मेलाबाईंच्या चित्रांत मोठ्या टोपीची एखादी स्त्री किंवा नटलेलें मूल येतें. ठसठशीत बाह्यरेषा, आंत मोजके सपाट रंग, आणि वस्त्रावरील नक्षी मात्र मन लावून काढलेली. हीं कार्डें शिळाछापाचीं, म्हणजे प्रत्येक रंगासाठीं निराळी शिळा. राजा रविवर्म्यांचीं देवादिकांचीं चित्रें आपल्या घरोघर आलीं तीं ह्याच मार्गानें. मात्र रविवर्मा रंगांवर रंग चढवून छायाप्रकाश साधतो. मेलाबाई छाया टाळून रेषेनेंच सर्व सांगतात. तळहाताएवढ्या जागेंत फापटपसारा चालत नाहीं, हें त्यांनीं पुरतें ओळखलें होतें.

पुढें कालचक्र फिरलें. १९१८ सालीं साम्राज्य लयास गेलें, १९३२ सालीं कार्यशाळा बंद पडली. १९३४ सालीं मेलाबाई स्वीडनला गेल्या, आणि १९६० सालीं स्टॉकहोम येथें त्यांनीं देह ठेविला. त्यांचीं कार्डें आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत जतन केलेलीं आहेत. एका दिवसाच्या शुभेच्छेसाठीं छापलेला कागद राज्याहून अधिक टिकला, कारण कोणीतरी तो पेटीच्या तळाशीं जपून ठेविला होता.

आमच्या शाळामास्तरकींत परीक्षा जवळ आली कीं चित्रकलेचा तास आम्ही बेधडक गणितास देत असूं. त्या तासाची वाट पाहणाऱ्या कांहीं मुलामुलींचे चेहरे आज आठवतात. अकादमीनें दार लावून घेतलें होतें. आम्हींही दुसरें काय केलें? गेलेले ते तास आतां परत देतां येत नाहींत. नातीची रंगपेटी मात्र आम्हीं स्वहस्तें परत दिली आहे. आणि यंदाच्या दिवाळीचें पहिलें कार्ड आमच्या नांवें यावें, अशी तिला विनंति केली आहे.