गव्हर्नर: जिन-प्रेसपासून पारसपर्यंत

1867 साली जीआयपी रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली आणि वऱ्हाडच्या कापसाला मुंबईची वाट मोकळी झाली. पाठोपाठ जिन-प्रेस आले, वाफेची इंजिनं आली आणि त्यांच्यावर गरगरणारे दोन लोखंडी गोळे. जेम्स वॉटने 1788 मध्ये वाफेच्या इंजिनाला बसवलेला गव्हर्नर तो हाच. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेची झडप आवळली जाई. असं यंत्र कधी स्थिरावतं आणि कधी झोकांड्या खातं, याचं गणित मॅक्सवेलने मांडलं ते मात्र 1868 मध्ये. म्हणजे यंत्र आधी चाललं, ते का चालतं हे ऐंशी वर्षांनी कळलं.

ऑइल इंजिन आलं आणि गोळे दिसेनासे झाले. 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. पुढच्या दशकांत अशी इंजिनं वरूड-मोर्शीच्या संत्राबागांतल्या विहिरींवर, पिठाच्या गिरण्यांत आणि पूर्णेकाठी बसली. खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारं, तेव्हा नदी-नाल्यातूनच उपसा करावा लागे.

डिझेल इंजिनाला गव्हर्नर नसला तर धडगत नाही. त्यात हवा मोकळी येते. जोर ठरतो तो डिझेल किती फवारलं यावर. डिझेल फवारणाऱ्या पंपाची रॅक, म्हणजे डिझेलचं माप ठरवणारी दांडी, एका जागी बांधली आणि तेवढ्यात पट्टा उतरला, तर भार गेलेलं इंजिन मोडेपर्यंत वेग घेतं. म्हणून आतल्या फिरत्या दांड्यावर दोन वजनं असतात आणि त्यांच्याविरुद्ध एक स्प्रिंग. गिरणीत दाणे पडले, वेग उतरला, की वजनं आत येतात, स्प्रिंग रॅक सरकवते आणि डिझेल वाढतं. भार हटला की उलट. रॅक अडकत असेल किंवा सांधे झिजले असतील, तर दुरुस्ती उशिरा पोचते आणि गरजेपेक्षा जास्त होते; इंजिन वर-खाली रेस होत राहतं. मिस्त्री त्याला ‘हंटिंग’ म्हणतात.

भार आल्यावर वेग पूर्ण पूर्ववत होत नाही, थोडा खालीच राहतो. ही खोट नव्हे, रचनाच तशी आहे: डिझेल जास्त हवं तर वजनं थोडी आत राहिली पाहिजेत, आणि ती आत राहतात वेग कमी असेल तेव्हाच. हे न समजून जास्त पाण्याच्या आशेने स्प्रिंग ताणणारे कमी नव्हते. पण पंपाला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाने वाढते. 1500 फेऱ्यांच्या 1650 झाल्या की ती जवळजवळ एकतृतीयांश जास्त लागते. पाणी थोडं वाढे, डिझेल मात्र भसाभसा जाई.

15 एप्रिल 1994 ला मूर्तिजापूर-अचलपूर-यवतमाळच्या ‘शकुंतला’ रेल्वेगाडीचं 1921 साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन निवृत्त झालं आणि डिझेल इंजिन जोडलं गेलं. गाडी तीच, रूळ तेच, चालकाचं काम मात्र बदललं. वाफेवर किती जोर द्यायचा हे त्याचा हात ठरवी. डिझेलवर तो इंजिनाचा वेग मागतो, डिझेल किती सोडायचं ते गव्हर्नर बघतो.

दरम्यान विहिरींवर विजेची मोटर आली. मोटरला गव्हर्नर लागत नाही, असं आपण सहज म्हणतो. लागतो, फक्त तो बांधावरून उठून पारसच्या वीज केंद्रात गेला आहे. तिथल्या 250 मेगावॉटच्या दोन संचांची टर्बाइनं 3000 फेऱ्यांवर धरून ठेवली जातात, ग्रिडच्या 50 हर्ट्झशी जुळवून. वेगातला तोच थोडा उतार तिथे मुद्दाम ठेवतात, औष्णिक संचांना 3 ते 6 टक्के. तो नसता तर एका ग्रिडवरच्या शेकडो यंत्रांनी वाढलेला भार वाटून घेतला नसता, ती एकमेकांशी झगडली असती.

ट्रॅक्टरमध्ये 50 अश्वशक्तीच्या वर 1 जानेवारी 2023 पासून प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले, तिथे डिझेलचा हिशेब संगणक करू लागला. त्याखालच्या बहुतेक ट्रॅक्टरांत अजून वजनं आणि स्प्रिंगच आहे. सोयाबीनचं काड थ्रेशरमध्ये एकदम जास्त कोंबलं की त्यांचा आवाज क्षणभर बसतो, मग उठतो.