धर्मावर एम.ए. केलं, पुढे काय?

१९१० साली हार्वर्ड विद्यापीठाला पाली जाणणारा माणूस हवा होता. हेन्री क्लार्क वॉरन या अभ्यासकाने ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली होती, पण काम अर्धवट राहून तो १८९९ मध्ये वारला. ते पुरं करायला गेले धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या सांकवाळचे, कुठल्याही विद्यापीठाची पदवी नसलेले. घरदार सोडून पुणे, काशी, नेपाळ, सिलोन अशी पायपीट करत त्यांनी संस्कृत आणि पाली कमावली होती. मधल्या काळात बडोद्याचे सयाजीराव त्यांना दरमहा ५० रुपये देत. हार्वर्डहून परतल्यावर त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. ज्या ग्रंथासाठी एवढा आटापिटा केला तो छापून आला १९५० साली, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी.

कोसंबींकडे विद्या होती, पदवी नव्हती, आणि तरी काम चालत आलं. आज धर्माचा अभ्यास करून एम.ए. झालेल्या मुलाकडे पदवी असते, आणि घरातले विचारतात, ‘म्हणजे तू आता भटजी होणार का?’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण त्याचं सरळ उत्तर आपल्या व्यवस्थेत कुठे लिहिलेलंच नाही.

इंग्लंडमध्ये ते आहे. तिथल्या सरकारी शाळांत धर्मविषयक शिक्षण १९४४ च्या कायद्यापासून सक्तीचं आहे. पालकांना हवं तर मुलाला त्यातून काढून घेता येतं, एवढीच सूट. सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेत ‘रिलिजस स्टडीज’ हा विषय घेतला तर किमान दोन धर्म अभ्यासावे लागतात. म्हणजे धर्माभ्यासाची पदवी घेतलेल्याला शिक्षकाची नोकरी हा तिथे सरधोपट रस्ता आहे.

आपल्याकडे हा रस्ता घटनेनेच वेगळा आखला. कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. फाळणीच्या जखमा ओल्या असताना घेतलेला हा निर्णय शहाणपणाचा होता, असं माझं मत आहे. पण धर्माचं शिक्षण आणि धर्माविषयीचं शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिक्षणविषयक कोठारी आयोगाने (१९६४-६६) हा फरक स्पष्ट मांडला. सर्वोच्च न्यायालयानेही २००२ साली अरुणा रॉय खटल्यात सांगितलं की, धर्मांचा अभ्यास शिकवायला कलम २८ आड येत नाही. कागदावर वाट मोकळी झाली, शाळेत मात्र तो विषय आला नाही. त्यामुळे शिक्षकाची जागाही नाही.

विद्यापीठात हा विषय आहे, पण वेगवेगळ्या नावांखाली. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात १९६७ पासून धर्माध्ययनाचा स्वतंत्र विभाग आहे, राजगीरच्या नालंदा विद्यापीठात बौद्ध अध्ययन आणि तौलनिक धर्मांसाठी वेगळं विद्यालय आहे. महाराष्ट्रात शोधायला गेलात तर विषय सापडेल तो पाली, संस्कृत, प्राकृत, तत्त्वज्ञान अशा पाट्यांमागे. पुणे विद्यापीठाचा पाली व बौद्ध अध्ययन विभाग, मुंबईतलं सोमय्या विद्याविहार, पुण्याचं टिळक महाराष्ट्र विद्यापीठ, रामटेकचं कालिदास संस्कृत विद्यापीठ, नागपूर विद्यापीठाचा पाली-प्राकृत विभाग ही ठळक नावं. ख्रिस्ती धर्मशास्त्राची वाट निराळी: पुण्यातलं ज्ञानदीप, पूर्वीची पेपल सेमिनरी, १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून इथे आलं. तिथले बरेचसे विद्यार्थी धर्मगुरू होण्यासाठीच शिकतात, म्हणून त्यांच्यापुढे नोकरीचा प्रश्न आपल्यासारखा नसतो.

पहिली वाट प्राध्यापकीची. प्राध्यापकीच्या पात्रतेसाठीच्या नेट परीक्षेत ‘धर्मांचा तौलनिक अभ्यास’ असा स्वतंत्र विषय आहे, ‘बौद्ध, जैन, गांधी आणि शांतता अध्ययन’ हा दुसरा; शिवाय पाली, प्राकृत, संस्कृत आहेतच. त्यातून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० मिळतात, हे २०२३ पासूनचे दर. पीएच.डी. होईपर्यंत हा आधार चांगला. त्यानंतर गाडी अडते. मंजूर पदं थोडी, भरती रखडलेली, आणि हाती येतात तासिका तत्त्वावरचे तास. नुसती नेट पास होऊन भागत नाही, हे या विभागांतून बाहेर पडलेला कुणीही सांगेल.

पालीला आणखी एक फटका बसला. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषय म्हणून पाली साहित्य घेता येत होतं. २०१३ मध्ये ते यादीतून गेलं. स्पर्धापरीक्षेच्या निमित्ताने पालीकडे वळणारी मुलं त्यामुळे कमी झाली. पुढे ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीबरोबरच पाली आणि प्राकृत यांनाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण मराठीचे पेढे वाटले आणि या दोघींकडे फारसं पाहिलं नाही. दर्जामुळे उद्या पदं निघतीलच असं नाही, पण मागणी करायला आधार मिळाला. तीच गोष्ट ‘भारतीय ज्ञानप्रणाली’ची. नव्या शैक्षणिक धोरणामुळे हा विषय पदवीच्या वर्गांत आला. तो शिकवायला मूळ ग्रंथ वाचलेला माणूस नेमला जाईल, की ज्याचे तास कमी भरतात त्याच्या गळ्यात पडेल, यावर बरंच अवलंबून आहे.

माझ्या मते या पदवीचं खरं घर कोश आणि हस्तलिखितं यांत आहे, आणि त्यात महाराष्ट्राइतका श्रीमंत प्रदेश विरळा. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ मध्ये सुरू केलं, ते १९६६ मध्ये संपलं. पंडितांच्या पिढ्या त्यावर पोसल्या. डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचं काम १९४८ पासून चालू आहे. पहिला खंड १९७६ चा, आणि इतक्या वर्षांत निघालेले खंड ‘अ’पासून सुरू होणाऱ्या शब्दांतच आहेत. म्हणजे काम संपण्याची भीती नाही! वाईला लक्ष्मणशास्त्री जोशींनी धर्मकोश आणि मराठी विश्वकोश उभे केले. गोव्याच्या महादेवशास्त्री जोशींनी भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड काढले. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने संपूर्ण तिपिटक, म्हणजे पाली बौद्ध ग्रंथसंग्रह, अट्ठकथांसह (भाष्यांसह) देवनागरीत १४० खंडांत छापलं. या प्रत्येक कामाला पाठभेद लावणारी, मुद्रितं वाचणारी, शब्दांच्या चिठ्ठ्या करणारी माणसं लागली. आता २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘ज्ञानभारतम्’ योजना जाहीर झाली आहे, १ कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या नोंदणी-जतनासाठी. पानांचे फोटो यंत्र काढेल. पोथी कोणती, अपुरी की पुरी, लेखक कोण, हे सांगायला शारदा, नंदिनागरी, मोडी वाचणारा डोळा लागतो.

लष्करातली वाट फार जणांना माहीत नसते. धर्मशिक्षक म्हणून पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री आणि बौद्ध भिक्खू भरले जातात, दर्जा नायब सुभेदाराचा. पदवी कोणत्याही शाखेची चालते, पण पंडिताला सोबत संस्कृतातलं शास्त्री वा आचार्य किंवा कर्मकांडाची पदविका दाखवावी लागते. म्हणजे इथे धर्माविषयी जाणून भागत नाही, धर्म करताही यावा लागतो.

अमेरिकेत याच्या जवळचा पेशा रुग्णालयातल्या चॅप्लेनचा. तो कुणाला आपल्या धर्मात ओढत नाही. मरणाच्या दारातल्या रुग्णापाशी, मग तो कुठल्याही धर्माचा असो वा कुठलाच मानत नसो, बसणं हे त्याचं काम. अधिकृत प्रमाणपत्रासाठी पदव्युत्तर पदवी आणि त्यावर प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे १,६०० तास लागतात. २०११ मध्ये प्रतिमा धर्म अमेरिकी लष्करातल्या पहिल्या हिंदू चॅप्लेन झाल्या. तिकडच्या मराठी घरांतल्या मुलांना हा रस्ता खुला आहे. आपल्या मोठ्या रुग्णालयांत अशी पदं निघाली तर बरं होईल.

परदेशी विद्यापीठांशी आपला आणखी एक धागा आहे. संतसाहित्य आणि महानुभाव पंथ यांच्यासाठी धर्माध्ययनातले परदेशी संशोधक मराठी शिकतात. ॲरिझोना स्टेट विद्यापीठात धर्माध्ययनाच्या प्राध्यापक राहिलेल्या ॲन फेल्डहाउस यांनी शं. गो. तुळपुळे यांच्याबरोबर जुन्या मराठीचा कोश केला (१९९९). खंडोबाचे अभ्यासक गुंथर सोन्थायमर मुळात कायद्याचे विद्यार्थी होते. पुण्यात अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे मराठी वर्ग चालतात. ज्याला ज्ञानेश्वरी मुळातून समजते आणि ती इंग्रजीत उलगडून सांगता येते, त्याला इथे भाव आहे.

उलट्या दिशेने आलेले लोकही पाहा. भारतरत्न पां. वा. काणे वकील होते; धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड त्यांनी वकिली सांभाळून लिहिले. देवदत्त पट्टनायक डॉक्टर. मुंबई विद्यापीठात तौलनिक पुराणकथाशास्त्र शिकले आणि पुढे एका उद्योगसमूहात ‘चीफ बिलीफ ऑफिसर’ झाले. देवस्थानांचा कारभार मात्र या पदवीधरांच्या हाती येईल ही आशा धरू नका. मोठ्या संस्थानांचे मुख्याधिकारी सहसा सरकारी अधिकारी असतात.

तेव्हा हा विषय घ्यायचा तर जरूर घ्या, पण प्रवेशाआधी तीन चौकशा करा: विभागात मंजूर आणि भरलेली पदं किती, मूळ भाषा नेमकी किती शिकवतात, आणि गेल्या पाच वर्षांतले विद्यार्थी आज कुठे आहेत. पहिल्याच वर्षी एक भाषा आणि एक लिपी पक्की करा. जोडीला कायदा, अनुवाद, ग्रंथालयशास्त्र किंवा जपानी, यांतलं काहीतरी धरा. अजिंठ्याला येणारा जपानी पाहुणा बौद्ध धर्म कळणाऱ्या वाटाड्याला जास्त पैसे आनंदाने देतो.